गुरुवारी, पेरामाच्या गिरणीपाशी

यानिना, ग्रीस, ९ नोव्हेंबर १९८६

एफ्तिखिया पोरी,

पाकिटावर तुझं नाव लिहिताना हात दोनदा थांबला. माझ्या आईचं नाव. ती गेल्यापासून हे नाव मी कागदावर लिहिलं नव्हतं. तुझ्या बापानं ते तुला ठेवलंय, हेही मला तुझ्या पत्रातूनच कळलं.

मायिर गेला हेही तसंच. ऑगस्टमध्ये माझा भाऊ न्यूयॉर्कमध्ये वारतो आणि मला नोव्हेंबरात कळतं. तुला दोष नाही देत. त्याच्या कपाटात माझा पत्ता सापडला आणि तू लिहिलंस, हेच खूप झालं. चाळीसेक वर्षांत त्यानं मला एक ओळ लिहिली नाही. नव्या वर्षाला कार्ड यायचं, त्यावर नुसती सही. मी उलट कार्ड पाठवायची, त्यावरही नुसती सही. तुझी आत्या अशी आहे, हे आधीच सांगून ठेवते. नंतर म्हणू नकोस.

आता तुझा प्रश्न. लढाईच्या काळात यानिनाच्या ज्यूंचं काय झालं, हा तू विद्यापीठात अभ्यासाला घेतलायस. प्राध्यापकांनी चाळीस पुस्तकं सांगितलीत, शिवाय जर्मन कचेऱ्यांचे हुकूम, आगगाड्यांची वेळापत्रकं. आणि तू विचारतेस, "आत्या, मी सुरुवात कुठून करू?"

माझं ऐकशील तर ते जर्मन कागद राहू देत. त्यांचे कागद वाचून तुला तेच कळतील. त्यांच्या कागदांत आपण नुसता आकडा आहोत. तू आपल्या गल्लीपासून सुरुवात कर. किल्ल्याच्या आतली, तळ्याकडे उतरणारी. मी तुला नकाशा काढून पाठवते. कोणतं दार कुणाचं, आत कोण, काय करायचे. गल्लीतले आता आम्ही दोघंच उरलोय, आणि दुसऱ्याला काही आठवत नाही. तेव्हा मी आहे तोवर विचारून घे.

दुकान चालू आहे. बाबांचंच. बटणं, दोरे, लेस. गुडघे दुखतात. बाकी ठीक.

झाफिरा


यानिना, ३० नोव्हेंबर १९८६

एफ्तिखिया पोरी,

सोबत नकाशा आहे. पेन्सिलीनं काढलाय, हसू नकोस.

उतारावरून खाली ये. पहिलं दार हाना म्हातारीचं. दिवसभर उंबऱ्यात खुर्ची टाकून बसायची आणि जाणाऱ्या प्रत्येकीला विचारायची, "आज काय शिजवलंस गं?" काहीही सांगा, ती म्हणणार, "मीठ जास्त पडलं असेल." पुढं तिला त्या खुर्चीसकट उचलून ट्रकमध्ये ठेवलं. ठेवणाऱ्या शिपायाला ती काय म्हणाली, ते मी ऐकलं नाही. ऐकायला हवं होतं.

तिसरं दार भांड्यांना कल्हई लावणाऱ्याचं. सात पोरं. शनिवारी प्रार्थनेला निघाली की बाबा म्हणायचे, "निघाली पलटण." आठवा मुलगा फेब्रुवारीत झाला होता. त्याचं नाव नकाशावर लिहिलंय, वाच. त्याचं नाव जगात दुसरीकडे कुठं लिहिलेलं असेल असं मला वाटत नाही.

सहावं दार कापडवाल्यांचं. माडीचं घर, खिडक्यांना हिरवा रंग. त्यांचा थोरला मुलगा नातान. नातानशी माझं लग्न ठरलं होतं. वल्हांडणाच्या सणानंतर करायचं होतं. त्याची आई सारिना गल्लीत मिरवायची, माझ्या आईला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायची, "बटणवाल्याची मुलगी करतोय. माणसं गरीब आहेत, पण सरळ आहेत." आई घरी येऊन कणीक आपटायची. "सरळ म्हणे! हिच्या मापाची काठी तरी सरळ आहे का?" मी हसायची. मला नातान आवडायचा. त्याला जरा कमी ऐकू यायचं, म्हणून बोलताना तो वाकून कान पुढं करायचा. मी मुद्दाम हळू बोलायची.

एकूण चौदा दारं आहेत. चौदा दारांतून एकसष्ट माणसं गेली, चार परत आली. नातान परत आला नाही.

तुला पुस्तकांत आढळेल की यानिनाचे लोक भोळे होते, विश्वास ठेवून बसून राहिले. असं कुणी लिहिलं असेल तर खाली रेघ मार आणि मला कळव. सालोनिका शहरातले ज्यू आदल्या वर्षीच, त्रेचाळीसात, गाड्या भरभरून नेले होते, आम्हाला ठाऊक होतं. पण ते पोलंडमध्ये कामाला नेले असं म्हणत. आमच्या मोठ्या माणसांना जर्मन अधिकाऱ्यानं शब्द दिला होता की यानिनाच्या ज्यूंच्या केसालाही धक्का लागणार नाही. माझे बाबा म्हणायचे, "आपण इथं रोमनांच्या आधीपासून आहोत. हे काल आलेत, उद्या जातील." शहाण्या माणसाचंच बोलणं होतं ते. फक्त खोटं ठरलं.

झाफिरा


यानिना, ४ जानेवारी १९८७

एफ्तिखिया,

तुझं पत्र शुक्रवारी आलं. तू हुशार आहेस, बापावर गेलीस. चौदा दारं मोजलीस आणि म्हणतेस, "आत्या, नावं तेराच दारांवर आहेत, आपलं दार नाही."

विसरले. नाव न लिहिलेलं अकरावं दार आपलं. पोस्टातून परत मागवता येत नाही, तूच लिही.

अकराव्या दाराचं सांगते. आत बाबा, आई, मी वीस वर्षांची आणि स्तामूला तेरा वर्षांची. मायिर नव्हता. तो आदल्या उन्हाळ्यातच जर्मनांशी लढणाऱ्या बंडखोरांत सामील होऊन डोंगरात गेला होता. शनिवार होता, २५ मार्च १९४४, ग्रीकांच्या स्वातंत्र्याचा सण. पहाटे दारं ठोठावली. प्रत्येकानं एक गाठोडं घ्यायचं, तळ्याकाठी जमायचं. बर्फ पडत होतं. स्तामूलानं दोन झगे एकावर एक घातले आणि म्हणाली, "मी जाड दिसते का?" बाबांनी दुकानाची किल्ली खिशात टाकली. शेजारच्या ख्रिस्ती बाईनं आईच्या हातात गरम पाव दिला आणि रडत आत पळाली. समोरच्या घरातला माणूस आमचं भिंतीवरचं घड्याळ काढून घेऊन गेला. आम्ही अजून दारातच उभे होतो. मी त्याच्याकडे बघितलं, तर म्हणाला, "मी नाही नेलं तर दुसरा नेईल." तो पुढं बरीच वर्षं माझ्या दुकानात दोरे घ्यायला यायचा. मी द्यायची.

उघड्या ट्रकमधून डोंगर ओलांडून लारिसाला. तिथं आठवडाभर गोदामात. मग आगगाडी. नऊ दिवस. त्या नऊ दिवसांबद्दल पुस्तकांत वाच, मी लिहिणार नाही. पोलंडमध्ये उतरवल्यावर ओळी केल्या. स्तामूलानं माझा हात सोडला नव्हता. तो सोडवला गेला. आई, बाबा, ती एकीकडे, मी दुसरीकडे. तिचे दोन झगे मला लांबवर दिसत होते, वरचा निळा.

तू आणखी एक विचारलंयस: "बाबा डोंगरात होते, त्यांना बातम्या कळत असणार. मग त्यांनी तुम्हाला बोलावून का नाही घेतलं?"

त्याला जमलं नसेल. डोंगरातल्या माणसांना त्यांची कामं असतात, घर आठवतंच असं नाही. आणि बोलावलं असतं तरी बाबा गेले नसते. या प्रश्नात वेळ घालवू नकोस. ती पुस्तकं वाचायला घे आता.

झाफिरा


यानिना, १८ जानेवारी १९८७

एफ्तिखिया,

तू फक्त दोन ओळी लिहिल्यास. "माझे बाबा घर विसरणारे नव्हते. ते दर शुक्रवारी तीन मेणबत्त्या लावायचे आणि कुणाच्या ते सांगायचे नाहीत."

दुकान दोन दिवस बंद ठेवलं. मागच्या पत्रात मी तुझ्या बापावर खोटा आळ घातला. मेलेल्या भावावर. आता लिहिते ते सरळ लिहिते. अक्षर वाईट आलं तर समजून घे.

मायिरनं बोलावलं होतं.

मंगळवार होता, पुरिमचा सण होऊन पाच दिवस झाले होते. बाबा जेवायला घरी गेले होते, दुकानात मी एकटी. स्तेर्यो आला. डोंगरातला खेचरवाला, चीज आणि लाकूड घेऊन गावात यायचा, आम्ही त्याला लहानपणापासून ओळखायचो. काळी बटणं मागितली. मी मोजायला घेतली तर हळूच म्हणाला, "बटणं राहू दे पोरी. हात पुढं कर." त्यानं माझ्या मुठीत कागद कोंबला. "बापाला दे. आजच. तुझ्या भावानं माझ्याकडून शपथ घेतलीय."

"मायिर बरा आहे ना?"

"हडकलाय. दाढी वाढवलीय, बोकडासारखा दिसतो. कागद दे बापाला."

तो गेला, मी वाचला. मला पाठ आहे. "बाबा, सालोनिकाच्या लोकांना कामाला नेलेलं नाही. तिथून पळून इथं आलेल्या एकानं सांगितलं, मी त्याच्यावर विश्वास ठेवतो. सगळ्यांना घेऊन गुरुवारी दिवस मावळायला पेरामाच्या गिरणीपाशी या. खेचरं तयार असतील. तुम्हाला पटलं नाही तर निदान स्तामूलाला द्या. हात जोडून सांगतो. मायिर."

पेरामा तळ्याच्या काठानं तासाभराची वाट. रोज लोक जात-येत होते.

मी कागद झग्याच्या आत ठेवला. बाबा आले, सांगितलं नाही. संध्याकाळी घरी सांगितलं नाही. बुधवारी सारिनानं मला आणि आईला कापड बघायला बोलावलं होतं, लग्नाच्या झग्याचं. तिनं ठाण सोडलं, फिकट पिवळं, माझ्या खांद्याला लावून बघितलं आणि म्हणाली, "खुलतं हो पोरीला." पहिल्यांदा काहीतरी चांगलं बोलली. नातान दारात उभा होता, कान पुढं करून. मी मनात म्हटलं, आम्ही पळालो तर हे लोक लग्न मोडतील. सारिना म्हणेल, सुनेचं घर बंडखोरांना मिळालेलं. आणि मायिर नेहमीच घाबरट, नेहमीच अतिशयोक्ती करणारा, असं मी स्वतःला सांगितलं. तो तसा नव्हता.

गुरुवारी सकाळी मी कागद शेगडीत टाकला. गुरुवारी संध्याकाळी आम्ही भाजी भरून भाजलेली पिटा खाल्ली. स्तामूलानं कडेचा कुरकुरीत तुकडा माझ्या ताटातून पळवला आणि मी तिच्या हातावर चापट मारली.

बाबा आले असते का, मला माहीत नाही. कदाचित नसतेच. पण स्तामूलाला आईनं दिलं असतं. आई रडली असती, भांडली असती आणि दिलं असतं. हे मला माहीत आहे. त्यात 'कदाचित' नाही.

पंचेचाळीस सालच्या ऑगस्टमध्ये मी परत आले. घरात दुसरे लोक होते. मायिर दुकानात जमिनीवर झोपत होता. मला बघून उठला, जवळ घेतलं, बराच वेळ सोडलं नाही. मग त्यानं विचारलं, "चिठ्ठी मिळाली होती का?"

"कुठली चिठ्ठी?"

"स्तेर्योच्या हाती पाठवली होती."

मी म्हटलं, "नाही."

त्यानं पुन्हा विचारलं नाही. त्या दिवसापासून त्यानं माझ्या तोंडाकडे बघणं सोडलं. दोन वर्षं एका खोलीत राहिलो. मी पाव पुढं ठेवायची, तो खाली बघून खायचा. सत्तेचाळीसमध्ये अमेरिकेला गेला. बस सुटताना म्हणाला, "जप स्वतःला." तेही रस्त्याकडे बघत. मी ओळखलं. स्तेर्योनं त्याला सांगितलं असणार की कागद तुझ्या बहिणीच्या मुठीत दिला. खोटं पकडलं होतं त्यानं, फक्त बोलला नाही. ती कार्डं, नुसत्या सहीची, मी अशीच वाचत आले. "मला माहीत आहे. मायिर." दर वर्षी.

मी लग्न केलं नाही. हे कुणाला सांगितलं नाही. तू पहिली.

आता तुला वाटलं तर लिहू नकोस. मी समजेन.

झाफिरा


यानिना, २२ फेब्रुवारी १९८७

एफ्तिखिया पोरी,

तू लिहिलंस. आणि तुझ्या बापानं स्वतःच्या आवाजात भरून ठेवलेली, त्याच्या सामानात सापडलेली कॅसेट ऐकून त्याचे शब्द जसेच्या तसे उतरवून पाठवलेस. ते पान मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. तू लिहितेस, आपल्या मंडळींबद्दल बोलताना त्याचा आवाज तीन ठिकाणी थांबतो. तू तिथं टिंबं दिलीस. बरं केलंस.

मी त्याचे शब्द इथं पुन्हा लिहिते, कारण माझ्या हातानं एकदा लिहिल्याशिवाय ते मला खरे वाटत नाहीत.

"गुरुवारी मी स्वतः गिरणीपाशी थांबलो. रात्र झाली, कुणी आलं नाही. शुक्रवारी कळलं की स्तेर्योला मंगळवारीच नाक्यावर जर्मनांनी गोळी घातली. मग मला वाटलं, तो गावात पोचलाच नाही. मी म्हटलं, आता मीच जातो. आमच्या प्रमुखानं अडवलं, म्हणाला पुढच्या आठवड्यात. बर्फही होतं. मी ऐकलं. का ऐकलं? आमच्या डोंगरातून गावापर्यंत चार तासांची वाट होती. मी माझ्या माणसांसाठी कागद पाठवला... स्वतः गेलो नाही... पुढं बहीण परत आली. मी तिला विचारलं, चिठ्ठी मिळाली का. ती म्हणाली नाही. बस, तेव्हा नक्की झालं. त्या दिवसापासून मला तिच्या तोंडाकडे बघवेना. तिला काय सांगू? तुझा भाऊ चार तासांवर होता आणि आला नाही?... म्हणून अमेरिकेला आलो. दर वर्षी तिला पत्र लिहायला बसायचो. सहीपलीकडे काही सुचलं नाही."

म्हणजे स्तेर्यो परत जाताना मेला. त्यानं कुणाला काही सांगितलं नाही. मायिरला काहीही माहीत नव्हतं.

मला वाटलं, तो मला दोष देतोय. तो स्वतःला देत होता. एकेचाळीस वर्षं. माझ्या एका "नाही"मुळं. चिठ्ठी जाळली तेव्हा मी वीस वर्षांची होते, मूर्ख होते. पुढं काय होणार ते जगात कुणाला ठाऊक नव्हतं. तेवढं मी स्वतःला कधीतरी म्हणू शकेन. पण "नाही" म्हणाले तेव्हा मला सगळं माहीत होतं. मी सगळं बघून आले होते. समोर एकुलता एक उरलेला भाऊ होता आणि एका शब्दानं त्याचा भार उतरला असता. मी तो त्याच्या डोक्यावर ठेवला आणि दुकान उघडलं.

तू लिहितेस, "आत्या, मारणारे तुम्ही दोघं नव्हता." लहान आहेस, पण बरोबर बोललीस. म्हणून पहिल्या पत्रातलं माझं सांगणं मी मागं घेते. जर्मनांचे कागद आधी वाच. हुकूम कुणी काढला, ट्रक कुणी पाठवले, गाडीचे डबे कुणी मोजले, सहीसकट नावं लिही. माझ्यापासून सुरुवात केलीस तर वाचणाऱ्याला वाटेल, हे सगळं एका मुलीनं चिठ्ठी लपवली म्हणून झालं. त्या लोकांना माझ्या पदराआड लपू देऊ नकोस. आमच्या गल्लीत चिठ्ठी फक्त एका दारात आली होती, आणि गेली चौदाही दारं.

पण मग अकराव्या दाराशी ये आणि मलाही लिही. नाव बदलू नकोस. "एक स्त्री" असं लिहू नकोस. झाफिरा, बटणवाल्याची मुलगी, असं लिही. स्तामूला मात्र सगळ्यांत ठळक यायला हवी. निळा झगा विसरू नकोस.

आणि तू विचारलंस, माझं मागचं पत्र तू मायिरच्या कबरीपाशी जाऊन माझ्या वतीनं वाचून दाखवावंस का. मी आठवडाभर विचार केला. चांगलं सुचवलंस, पण नको. मायिर आयुष्यभर एकाच गोष्टीसाठी रडला, की मी स्वतः गेलो नाही, कागद पाठवला. आता मीही कागदच पाठवू?

पासपोर्ट झालाय. फोटोत मी सारिनासारखी दिसते, देवाची करणी. दुकानाला कुलूप लावतेय. १७ मार्चला अथेन्सहून विमान आहे. त्याची दारं बाहेरून-आतून बंद करतात आणि दहा तास उघडत नाहीत, असं तिकीट देणारी मुलगी मोठ्या कौतुकानं सांगत होती. चव्वेचाळीस सालापासून मी दार बंद होईल अशा गर्दीच्या गाडीत पाय ठेवलेला नाही. शेजारच्या गावी बसनं जायचं तर ड्रायव्हरच्या मागं उभी राहते आणि दार उघडं ठेवायला लावते. यानिनाचे ड्रायव्हर मला ओळखतात, शिव्या देतात आणि उघडं ठेवतात. विमानवाला ठेवणार नाही. बघू. मरत नाही मी.

तू घ्यायला ये. मला ओळखशील, ठेंगणी, काळा कोट, रागावलेली. घरी आधी नेऊ नकोस, जेवणाचं विचारू नकोस, पाणीही पाजत बसू नकोस.

आधी मला मायिरकडे ने.

तुझी आत्या,
झाफिरा